तीन रेशीम

कारखान्याच्या जागेचा राखणदार दातुक कोंग याच्या देवळीपुढे पिवळ्या भाताची परात ठेवताना लाय हूनच्या लक्षात आलं, की आपला नवरा नव्या यंत्राकडे बघतच नाहीये. तो लेथकडे बघतोय.

तिने हाक मारली नाही. केंग हुआत लेथपाशी उभा असला की त्याला जेवायलासुद्धा बोलवायचं नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. विड्याची पानं नीट लावून तिने उदबत्त्या पेटवल्या आणि धाकट्या दिराकडे डोळे वटारून बघितलं.

"तोंडाला कसला वास येतोय?"

"वहिनी, सकाळी दोनच तुकडे खाल्ले डुकराचे," केंग लिम म्हणाला. "इथे आणले नाहीत. दातुक कोंग मुसलमान, त्याला चालत नाही, मला चालतं."

"मग दातुक कोंगपासून चार हात लांब उभा राहा. वर्षाची पहिली पूजा आहे."

नव्या वर्षाचा आठवा दिवस, सुट्टीनंतर कारखाने उघडायचा. रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या कारखान्यात फटाके वाजून झाले होते. यंदा आमचं चिनी नवं वर्ष आणि रमजान एकाच आठवड्यात आले, त्यामुळे मलेशियातल्या या बुकित मर्तजाममध्ये निम्म्या लोकांची पोटं तट्ट फुगलेली आणि निम्म्यांची रिकामी. आणि रमजान म्हणजे नारळाच्या दुधाचा महिना. दुपार उलटली की बाजारात पातेली चढतात, आणि नारळाचं दूध हाताने पिळत बसायला आता कुणालाही वेळ नाही. केंग हुआत आणि केंग लिम या तिओह बंधूंच्या यंत्रात वरून ओल्या खोबऱ्याचा कीस टाकायचा, आत स्टेनलेस स्टीलचा मळसूत्री शाफ्ट फिरतो, खालून दूध येतं. छत्तीस यंत्रांची मागणी होती. पहिली सहा आज दुपारच्या लॉरीने जायची होती.

ते शाफ्ट चाळीस वर्षं केंग हुआतने स्वतःच्या लेथवर काढले. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. नजर सुधारली, पण हाताला कंप सुटला होता, त्यावर डॉक्टरकडे काही नव्हतं. तेव्हा पेई शानने बाहेरच्या देशांतून शाफ्ट करून घ्यायचं काढलं. पेई शान म्हणजे मधल्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला, पोरगी याच कारखान्यात गोण्यांवर झोपून वाढली, क्वालालंपूरला शिकली आणि चार वर्षांपूर्वी परत आली. तिने अकरा ठिकाणी पत्रं पाठवली. नमुने मागवले. लाय हूनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अकरा बरण्या, प्रत्येकीत मिठाचं पाणी, नारळाचं दूध आणि एक स्टीलचा तुकडा. आठवड्याभरात घरभर असा आंबूस वास सुटला की शेजारीण विचारायला आली. चार बरण्यांत गंजाचे तांबूस डाग दिसले. एकाचं प्रमाणपत्र तर इतकं देखणं होतं की लिम म्हणाला, हे चौकटीत लावू आणि शाफ्ट परत पाठवू.

शेवटी उरला तैवानचा लो. सात माणसांचं वर्कशॉप, स्वच्छ काम, आणि बोलतो आपलीच होक्कियन. केंग हुआतला समुद्रापलीकडे आपल्या भाषेत बोलणारा टर्नर सापडला, मग काय, दर रविवारी फोन. कामाचं पाच मिनिटं, गुडघेदुखीचं अर्धा तास.

आणि वर्षअखेरच्या जेवणाला, सगळे एका टेबलाभोवती असताना, लिमने तो विषय काढला होता. तैवानचे शाफ्ट चांगले निघाले तर लेथ विकायचा. जागा मोकळी होईल, तिथे यंत्रं जोडायचं टेबल मांडता येईल. केंग हुआत म्हणाला होता, "बरं." आणि वाटीत आणखी एक माशाचा गोळा घेतला होता. तो त्याने खाल्ला नाही, हे फक्त लाय हूनने बघितलं.

पूजा झाली. फोरमन रोसलीने पहिल्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्र मांजरीसारखं गुरगुरू लागलं. खोबरं पडलं, पांढरंशुभ्र दूध वाहू लागलं, तशी लाय हूनने पहिली वाटी देवळीपुढे ठेवली. लिमने टाळ्या वाजवल्या आणि पुतणीच्या पाठीवर थाप मारली.

"बघ दादा! मिशीवाल्या लोने काम केलं की नाही? आता टेबलाचं माप घेतो मी."

"घे," केंग हुआत म्हणाला.

लिम खरंच टेप घेऊन लेथभोवती वाकला. दहाएक मिनिटं गेली असतील.

"बंद कर," केंग हुआत यंत्राच्या आवाजाकडे कान देत एकदम म्हणाला.

"का? छान चाललंय की."

"रोसली, बंद कर ते!"

रोसलीचा हात बटणापर्यंत पोचण्याआधी यंत्र कण्हलं, थरथरलं आणि जागच्या जागी थांबलं. उघडून बघितलं तर शाफ्ट ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बुशमध्ये, म्हणजे कड्यात, फिरायचा त्यातच पाचर ठोकल्यासारखा बसलेला. दुसरं यंत्र लावलं. बारा मिनिटं. तिसरं लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

०

केंग लिमला बाजू बदलायला वेळ लागत नसे. तो विक्री बघायचा, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बदलला की आपलं मत बदलायचं ही त्याची कमाईची विद्या होती. तो मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला हरणाऱ्याशेजारी उभं राहायला आवडत नसे.

"मी आधीपासून म्हणत होतो," तो टेप खिशात घालत म्हणाला.

"काय म्हणत होतास?" लाय हूनने विचारलं.

"हेच. बाहेरून आणलेला माल."

"तू तर आत्ता टेबलाचं माप घेत होतास."

"माप घेतलं, वहिनी. विकत घेतलं का?" तो भावाकडे वळला. "दादा, सहा शाफ्ट आजच्या आज होतील तुझ्याच्याने? संध्याकाळपर्यंत बाजारातल्या बायकांना मी थोपवतो. तुझा लेथ आहे म्हणून निभावलं बघ. लेथ काही जात नाही आता. कोण हात लावतो बघतो मी!"

केंग हुआतचे कान लाल झालेले लाय हूनने बघितले. आनंद झाला की त्याचे कान लाल होत, लग्नातसुद्धा झाले होते.

काचेच्या खोलीत पेई शान एकेक शाफ्ट पुसून मायक्रोमीटरमध्ये धरत होती. गेले आठ महिने तिने याच एका गोष्टीवर घालवले होते. कारखान्यात ती लहानपणापासून होती, पण "आमची पोरगी" म्हणून. कुणी आलं की तुआपेक तिची ओळख करून देत, "मधल्याची मुलगी, हिशोब बघते." ती हिशोब बघतच नव्हती, खरेदी बघत होती, पण दुरुस्ती कोण करणार? तुआपेकांना, म्हणजे थोरल्या काकांना, घरात कुणीच दुरुस्त करत नसे. हे शाफ्ट नीट फिरले असते तर काही सांगावंच लागलं नसतं.

छत्तिसावा शाफ्ट तिने खाली ठेवला आणि दार उघडलं.

"साचेक, तुआपेक, ऐका," ती धाकट्या आणि थोरल्या काकांना म्हणाली. आवाज कोरडा ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला. "लोने ड्रॉइंग पाळलेलं नाही. बुशमध्ये बसतो तो भाग त्याने बारीक केलाय. मिलिमीटरचे तीन शतांश."

"बारीक?" लिम म्हणाला. "मग अडकतो कसा? बारीक माणूस दारात अडकतो का?"

"तेच कळत नाही. पण एक नाही, छत्तीसच्या छत्तीस. सगळे बरोब्बर तीन." तिने नाक ओढलं. "मी त्याला पत्र लिहिते. माल परत, आणि पुढचं काम बंद. आणि साचेक, यापुढे खरेदी तुम्ही बघा. मला जमलं नाही."

"अगं, असं काय..."

"नाही जमलं. नमुना बरोबर होता म्हणून मी विश्वास ठेवला."

दार लागलं. आतून टाइप करण्याचा आवाज येऊ लागला.

०

तीन.

केंग हुआत लेथजवळच्या स्टुलावर बसला. समोरच्या चाकावर आकडे होते, इंग्रजांच्या काळातले, इंचाचे. कथलाच्या खाणीतलं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्याच्या वडिलांनी हा लेथ आणला होता. त्या चाकावरची एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याला आमच्या बोलीत सी म्हणतात, रेशमाचा धागा. दोन रेशीम काढ, अर्धं रेशीम ठेव. या गल्लीत सगळे टर्नर असंच बोलत आले.

नोव्हेंबरात लोचा नमुना आला, तेव्हा तो सगळ्यांत आधी केंग हुआतने बुशमध्ये घालून बघितला होता. कारखान्यात एकटाच होता. पोरीचं ड्रॉइंग सुबक होतं, पण तिला एक गोष्ट माहीत नव्हती. हे प्लास्टिक पाणी पितं. भिजलं की फुगतं. ते कुठल्या पुस्तकात नसेलही. त्याला ते सहा यंत्रं अडकल्यावर कळलं होतं, तो तिच्या वयाचा असताना. त्याने नमुना लेथवर चढवला, तीन रेशीम काढलं, पुसून पुन्हा खोक्यात ठेवला. दुपारी चाचणी झाली. यंत्र तासभर चाललं. पेई शानने शाफ्टबरोबर फोटो काढून घेतला, तान्ह्या बाळाबरोबर काढतात तसा. तिला काय सांगणार?

रविवारी त्याने लोला तेवढं सांगितलं होतं. "ड्रॉइंग ठीक आहे रे, पण बुशपाशी तीन रेशीम कमी घे. माझ्यावर विश्वास ठेव."

लोने ठेवला. मिलिमीटरमध्ये वाढलेला माणूस. त्याच्याकडे रेशीम म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आमचं रेशीम त्याच्या रेशमाच्या अडीचपट जाड.

छत्तीसच्या छत्तीस सारखेच. लो चुकला नव्हता. त्याने ऐकलं होतं.

"चहा," लाय हूनने पेला पुढे केला. मग जवळ वाकून म्हणाली, "कान पांढरे का पडले?"

त्याने तिला सांगितलं. हळू आवाजात, चार वाक्यांत.

"मग जा, सांग तिला," ती म्हणाली.

"कसं सांगू? तिचं ड्रॉइंग चुकलं होतं हेही सांगावं लागेल. लिमसमोर, रोसलीसमोर. वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी पोरीची अब्रू काढू?"

"अच्छा. म्हणजे तिच्यासाठी गप्प बसतोयस."

"मग कुणासाठी?"

लाय हूनने लेथच्या पत्र्यावर हात फिरवला, धूळ होती की नाही ते बघितल्यासारखा. "हा राहतोय ना पण आता? लिम म्हणाला मघाशी."

केंग हुआतने चहाकडे बघितलं.

"तुला हा हवाय, हे मला कळतं," ती म्हणाली. आवाज मऊ होता. "मला मेलीला कळणार नाही तर कुणाला? पण आत ती पोरगी एका भल्या माणसाला चोर ठरवतेय. आणि स्वतःला मूर्ख. तू इथे बसून चहा पिऊ शकशील?"

"तूच आणलास चहा."

"आणला, कारण प्यायला नाहीस तर मला कळेल काय ते."

त्याने पेला खाली ठेवला.

०

पेई शानचं पत्र लिहून झालं होतं. इंग्रजीत, सभ्य आणि थंड. ती शेवटची ओळ वाचत असताना दार न वाजवता उघडलं. तुआपेक आत आले. मागे दारात साचेक आणि रोसली घुटमळत होते, कारण तुआपेक कधी या खोलीत येत नसत. इथल्या एसीने त्यांचे गुडघे दुखत.

"पाठवू नको ते."

"तुआपेक, त्याने ड्रॉइंग..."

"मी सांगितलं त्याला. तीन रेशीम कमी घे म्हणून. फोनवर. त्याने त्याचं रेशीम घेतलं, मला माझं हवं होतं." ते थांबले. "चूक माझी."

लिमने एकदा भावाकडे, एकदा वहिनीकडे बघितलं. थोरल्याच्या तोंडून हे दोन शब्द त्याने जन्मात ऐकले नव्हते.

पेई शानच्या कपाळावर आठी आली. "पण तुम्ही कमी घ्यायला सांगितलंच का? नमुना तर ड्रॉइंगप्रमाणे होता, आला त्या संध्याकाळी मी मोजला होता. तो व्यवस्थित चालला."

"नसता चालला." तुआपेकांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी दुसऱ्या दिवशी सकाळी, तू यायच्या आधी, लेथवर घेतला. ते प्लास्टिक भिजलं की फुगतं. तुला माहीत नव्हतं."

हे समजायला तिला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती उभी राहिली.

"म्हणजे ड्रॉइंग माझं चुकलेलं होतं. नोव्हेंबरपासून. आणि तुम्हाला माहीत होतं."

"तू किती खूश होतीस. फोटो काढलास."

"तो फोटो मी तैवानला पाठवला, तुआपेक! 'तुमचा नमुना उत्तम चालला' म्हणून लिहिलं खाली! तो बिचारा माणूस बघून काय म्हणाला असेल, की हिलाच काही कळत नाही?" तिचा आवाज फाटला. "अकरा परक्या लोकांनी मला माझ्या चुका सांगितल्या. व्हिएतनामच्या माणसाने तर लाल पेनाने खुणा करून ड्रॉइंग परत पाठवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. आणि घरातल्या माणसाने... मी काय काचेची आहे का?"

"अगं, त्यांनी प्रेमानेच..." लिम मध्ये पडला.

"मला माहीत आहे प्रेमाने! त्याचाच तर राग येतोय!"

केंग हुआत तिच्याकडे बघत राहिला. ओरडताना तिची हनुवटी तिच्या बापासारखी पुढे येत होती. मधल्या भावाच्या बाबतीतही तो असंच करायचा, त्याचं बिघडलेलं काम गुपचूप नीट करून ठेवायचा, आणि मधला असाच भडकायचा. या पोरीला आपण गोण्यांवर झोपलेलीच समजत राहिलो, हे त्याला आत्ता, या गार खोलीत, पहिल्यांदा लख्ख दिसलं, आणि फार वाईट वाटलं.

"चुकलं," तो पुन्हा म्हणाला. "दोन्ही वेळा."

"दोनदा?" लिम न राहवून म्हणाला. "वहिनी, दातुक कोंगला आज कोंबडीसुद्धा द्या!"

रोसलीने हसू दाबलं. लाय हूनला दाबता आलं नाही. मग पेई शानलाही नाक पुसता पुसता हसू आलं, आणि ते आलं म्हणून ती पुन्हा चिडली.

"हसू नका. अजून किती काढायचं बाकी आहे?"

"तुझ्या हिशोबाने साडेचार शतांश," तुआपेक म्हणाले. "आज सहा. बाकीचे तीस दोन दिवसांत. पण माझा हात..." त्यांनी तो पुढे धरला. तो हलत होता. इतके दिवस तो खिशात असायचा.

पेई शानने हाताकडे बघितलं. मग बाही वर केली.

"चाक मी फिरवते. तुम्ही ऐका आणि सांगा."

पहिल्या शाफ्टला पाऊण तास लागला. "हळू. अजून हळू. अगं, ते स्टेनलेस आहे, घासत बसलीस तर रुसून कडक होतं. एकदाच घे, नीट घे." दुसऱ्याला अर्धा तास. तिसऱ्यापासून ते कमी बोलू लागले. दुपारी अडीचला सहावं यंत्र भिजलेल्या बुशवर तासभर चालून थांबलं, तेही बटण दाबल्यावर. रोसलीने सहाही यंत्रं लॉरीत चढवली.

लॉरी वळली तेव्हा केंग हुआत लिमला म्हणाला, "उरलेले तीस झाले की गिऱ्हाईक बघून बोलाव. लेथ घेऊन जाऊ दे."

"दादा, घाई काय आहे? मी मघाशी म्हणालो ना..."

"तू रोज काहीतरी म्हणतोस. बोलाव."

लिमने यावेळी मत बदललं नाही. त्याने फक्त भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग केंग हुआतने तैवानला फोन लावला. तो नेहमीच स्पीकरवर बोलायचा, समुद्र ओलांडायचा म्हणजे मोठ्याने बोलायलाच हवं अशा समजुतीने. काय झालं ते त्याने सगळं सांगितलं. पलीकडे लो कळवळला.

"अरे देवा, हुआतदादा! मला वाटलंच होतं, एवढंसं कमी करायला हा माणूस मुद्दाम फोन कशाला करतोय! पण तुम्ही वयाने मोठे. मोठ्या माणसाला उलट कसं विचारायचं?"

"विचारायचं."

"आता कळलं. मग पुढच्या खेपेला कसं करू? ड्रॉइंगमध्ये एक आणि तुम्ही सांगाल दुसरं, तर ऐकू कुणाचं?"

"माझं नको. मी सांगितलं तर गुडघ्याचं सांगेन, ते ऐक. कामाचं आमच्या मालकांना विचार."

"मालक?" लो गोंधळला. "मालक तुम्हीच ना? कोण मालक?"

"माझी पुतणी. पेई शान. इथेच उभी आहे समोर. रडतेय, पण ऐकू येतंय तिला. बोल."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. हात हलत होता, म्हणून तिने फोनबरोबर तो हातही धरला.

"लो काका," ती म्हणाली, "यापुढे सगळं मिलिमीटरमध्ये."

"बरं, मालक," समुद्रापलीकडून लो म्हणाला.